गाळ्याचं तोंड रस्त्याकडे असू द्या

प्रति,
पुणे शहराच्या वारसायादीचं काम पाहणारे अधिकारी, अभ्यासक आणि समिती-सदस्य यांस,

विषय : पेठांतली जुनी अमृततुल्य (चहाची दुकानं), वाड्यांचा पुनर्विकास आणि सात फूट तीन इंचांचा प्रश्न

स. न. वि. वि.

सुरुवात कबुलीने करते. माझा जन्म कसबा पेठेतला, शाळा-कॉलेज सगळं पेठेतच, आणि तरी अमृततुल्यात आत बसून पहिला चहा प्यायले तेव्हा माझं वय चौतीस होतं. तोवर तो चहा आमच्या घरी किटलीतून यायचा. दहा वर्षांची होईपर्यंत ती किटली मीच आणायचे. दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, किटली वर द्यायची, "पाच कप, खात्यावर" म्हणायचं आणि झाकण अंगठ्याने दाबून धरत घरी यायचं. अकरावं लागलं आणि एके दिवशी आईने काही न बोलता किटली धाकट्या भावाच्या हातात दिली. त्याने पहिल्याच दिवशी निम्मा चहा जिन्यावर सांडला. तरी किटली माझ्याकडे परत आली नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं वाचून 'बाईंना जुन्या दिवसांचा उमाळा आलाय' असं तुम्हाला वाटायला नको. त्या दुकानांत माझे दिवस गेलेलेच नाहीत. गेले ते माझ्या वडिलांचे.

बाबा आता ८३ वर्षांचे आहेत. शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी ३८ वर्षं खिळे जुळवले. कंपोझिटर म्हणजे काय हे हल्ली समजावून सांगावं लागतं : शिशाची उलटी अक्षरं केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक उचलून ओळ लावायची, ओळींचं पान बांधायचं, आणि छापून झालं की तीच अक्षरं परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायची. दिवसभर शिशाला हात. म्हणून अकराला आणि चारला साबणाने हात धुऊनच चहाला जायचं, हा तिथला नियम होता. बाबा म्हणतात, "त्या चहाने आमची फुप्फुसं वाचवली का ते डॉक्टर सांगतील, पण हात मात्र दोनदा धुतले जायचे."

मंडईपर्यंतची भुयारी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झाली, तेव्हापासून ते माझ्या मागे लागले होते. रिक्षातून पेठेत जायचं म्हणजे त्यांच्या कमरेला शिक्षा. शेवटी एका बुधवारी निघालो. वनाझला बसलो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायला खाली उतरलो. सरकते जिने संपेचनात. बाबांनी काठी सावरत खाली पाहिलं आणि म्हणाले, "एवढी खोल तर आपल्या वाड्यातली विहीरही नव्हती." कसबा आलं, गेलं. ज्या पेठेत त्यांचं सारं आयुष्य गेलं तिच्या पोटाखालून ते दोन मिनिटांत पार झाले, आणि वरती काय चाललंय हे दिसत नसल्याबद्दल कुरकुरत राहिले.

मंडईला वर आलो. समोर ती दगडी इमारत. १८८६ साली ती रे मार्केट म्हणून उघडली. नगरपालिकेत असताना ज्या जोतीरावांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, त्यांचंच नाव आज तिला आहे. पुण्याला असले विनोद करायला आवडतं. ही इमारत तुमच्या नजरेत आहेच. तिची काळजी मी करत नाही. मी ज्या दुकानाबद्दल लिहिणार आहे ते तिथून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर शनिवारी सकाळी तिथे मोबाइल उंचावलेल्या माणसांची रांग लागेल, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना दुसरीकडे जावं लागेल. पाटीवर देवाचं नाव आहे एवढं सांगते. त्यावरून शोधायला गेलात तर शुभेच्छा, कारण जुन्या अमृततुल्यांच्या पाट्यांवर बहुतेक देवच असतात.

दुकान म्हणजे एका वाड्याच्या दर्शनी भिंतीतला गाळा. दारं फळ्यांची, एकेक काढून ठेवायची. आत भिंतीलगत दोन अरुंद बाकं, लोकांच्या पाठींनी घासून भिंतीचा ऑइलपेंट त्या उंचीवर गुळगुळीत झालेला. आणि दारातच, डाव्या हाताला, ओटा. ओट्यावर मांडी घालून महाराज. पेठेत चहा करणाऱ्याला महाराजच म्हणायचं. बाबांनी आयुष्यात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही, आणि महाराजांनाही बाबांचं नाव नीट ठाऊक असेल असं वाटत नाही. आम्ही पायरी चढायच्या आधीच ते वरून म्हणाले, "या, प्रेसवाले. पाय बरा का?" अकरा महिन्यांनी जात होतो.

महाराजांच्या पुढ्यात शेगडी. पूर्वी पंप मारायचा रॉकेलचा मोठा स्टोव्ह होता, आता गॅस आहे. तिच्यावर पितळी पातेलं, बाहेरून सोन्यासारखं घासलेलं. पाणी, दूध, साखर, पत्ती यांना इथे वेगवेगळा मान नाही. सगळं एकत्र उकळतं. उजव्या हाताला खलबत्ता, त्यात वेलदोडा आणि सुंठ, लागेल तशी कुटायची. आधी कुटून डब्यात भरून ठेवलं तर वास उडतो, म्हणून दिवसभर ते ठकठक चालू. चहा वर आला की ओगराळ्याने उचलायचा आणि हातभर उंचीवरून परत पातेल्यात सोडायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा सोडायचा. उतू जाऊ द्यायचा नाही आणि गॅसही कमी करायचा नाही, ही यातली कसरत. मग कापडी गाळणीतून किटलीत आणि किटलीतून ग्लासात. बाबांनी विचारलं, "पत्ती बदललीत?" महाराज म्हणाले, "पत्ती तीच. तुमची जीभ म्हातारी झाली." बाबा यावर बराच वेळ खूश होते.

मी मात्र त्या दिवशी ओट्याकडे बघत होते. खरं तर या पत्राचं कारण तो ओटाच आहे. त्याची उंची अशी आहे की रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाची नजर आणि ओट्यावर मांडी घालून बसलेल्या महाराजांची नजर बरोबर समोरासमोर येते. कोणाला वर बघावं लागत नाही, कोणाला वाकावं लागत नाही. महाराजांना गल्लीचं एक टोक पूर्ण दिसतं आणि दुसरं निम्मं. समोरच्या सराफाकडचा मुलगा दुकानाबाहेर नुसता येऊन उभा राहिला की इकडे तीन ग्लास भरायला लागतात. तो बोटंही दाखवत नाही. कोण घाईत आहे, कोणाचं काहीतरी बिनसलंय, कोणाला बिनसाखरेचा आणि कोणाला तसा सांगून गुपचूप एक चमचा घातलेला, हे सगळं त्या जागेवरून कळतं. आम्ही तिथे पाऊण तास होतो. तेवढ्यात एक बाई आपल्या घराची किल्ली महाराजांकडे ठेवून गेल्या, एका पोस्टमनने पत्ता विचारला, आणि एका आजोबांनी आज चहा नको म्हणून सांगायला म्हणून येऊन चहा घेतला.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा बाबा नोकरीला लागून वर्षच झालं होतं. या गल्लीपर्यंत पाणी आलं नाही, माणसं आली : नारायण पेठेतली, शनिवारातली, अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी. आताच्या महाराजांचे वडील तेव्हा ओट्यावर बसायचे. दूध संपल्यावर त्यांनी रात्रीपर्यंत कोरा चहा चालू ठेवला आणि त्या दिवसाचं कोणाचंच खातं वहीत मांडलं नाही. बाबांनी ही गोष्ट मला शंभर वेळा सांगितली आहे. त्या दिवशी त्यांनी ती महाराजांनाच सांगितली, आणि महाराजांनीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली.

आता थोडा इतिहास. तुम्हाला माहीत असेलच, पण माझ्या मुद्द्यासाठी तो लागतो. याच शहरात १८९० साली एका कप चहाने केवढं रामायण झालं! गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी जमली, गोपाळराव जोशांच्या खटपटीने. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतला, काहींनी नुसता हात लावला. मग गोपाळरावांनीच नावं फोडली आणि 'पुणे वैभव' पत्रात ती यादी छापून आली. रानडे आणि टिळक या दोघांचीही नावं त्यात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, प्रायश्चित्तं झाली. प्रश्न चहाचा नव्हता, कोणाच्या हातचा हा होता.

त्यानंतर चौतीस वर्षांनी, १९२४ मध्ये, पंचहौदहून चालत जाता येईल अशा अंतरावर, सोन्या मारुती चौकात 'आद्य अमृततुल्य' सुरू झालं. ज्या पेयावरून बाटण्याची चर्चा झाली होती त्याच पेयाला तिथे थेट अमृताच्या पंगतीला बसवलं. दवे, ओझा, त्रिवेदी अशा आडनावांची राजस्थानातून आलेली श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबं या धंद्यात आली. पाटीवर देव, ओट्यावर महाराज, पितळ लख्ख. मला हा योगायोग वाटत नाही. 'कोणाच्या हातचा' या जुन्या प्रश्नाचं पेठेला चालणारं उत्तर तिथे तयार करून ठेवलेलं होतं. चहा सगळ्या गावाला मोकळा झाला तो असा, आडवाटेने, आणि बायकांना तर तेव्हाही नाही. इराण्याच्या हॉटेलात निदान फॅमिली रूम असायची. अमृततुल्यात बाईसाठी फक्त पायरी. वारसा म्हणून या दुकानांची नोंद कराल तेव्हा हेही लिहा. नुसतंच गोड लिहिलंत तर तो चहा आमच्या महाराजांचा नव्हे.

इराण्यांचं नाव निघालंच आहे तर : डेक्कनवरचं लकी गेलं, कॅम्पातलं नाझ गेलं, तेव्हा पुणेकर किती हळहळले! अजूनही हळहळतात. १९३५ पासूनचं गुडलक आहे, त्याचा चौकच त्याच्या नावाने ओळखला जातो, त्याला कोणी हात लावायला गेलं तर अर्धं शहर रस्त्यावर येईल. ते आलंच पाहिजे, माझाही बनमस्का तिथलाच. पण जुनी अमृततुल्य बंद होताना कोणाला पत्ता लागत नाही. याचं कारण मला त्या दिवशी परत येताना कळलं. वनाझ स्थानकाखाली उतरून घरी जाईपर्यंत मी 'अमृततुल्य' लिहिलेल्या चार पाट्या मोजल्या. शब्द एवढा बोकाळलाय की वस्तू कमी होतेय हे दिसतच नाही. चिमणी नाहीशी झाली तर लोक विचारतात चिमण्या कुठे गेल्या. चिमणी असं नाव लावून दुसरेच पक्षी फिरू लागले तर कोण विचारणार?

त्या नव्या दुकानांवर माझा राग नाही. रात्री दहा वाजता तिथे मुली घोळक्याने उभ्या राहून चहा पितात, मोठ्याने हसतात, आणि वळून कोणी बघत नाही. हे जुन्या दुकानांनी मला कधीच दिलं नाही. माझ्या मुलीला ज्या चहासाठी चौतीस वर्षं थांबावं लागलं नाही, त्या चहाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. त्यात साखर जास्त असते, एवढंच म्हणते.

पण जुन्या दुकानामागे जी साखळी आहे ती वेगळी आहे, आणि ती तुमच्या कामाची आहे. महाराजांचं पातेलं कसब्यातल्या तांबट आळीतून आलेलं. ठोकून केलेलं; अंगावर मठारकामाच्या बारीक खुणा आहेत, घासून घासून आता निम्म्या पुसल्यात. आतून त्याला कल्हई लागते, नाहीतर पितळ चहात उतरतं. कल्हई म्हणजे तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून वर कथील फिरवायचं. माझ्या लहानपणी कल्हईवाला दारावर यायचा. तो नवसागराचा पांढरा धूर नाकाला असा झोंबायचा की अजून आठवतो. महाराजांना आता कल्हईसाठी भांडं घेऊन जावं लागतं, आणि ते परत येईपर्यंत दुसरं पातेलं ओट्यावर चढतं. म्हणजे एक ओटा टिकला तर तांबटाचं एक गिऱ्हाईक टिकतं, कल्हईवाल्याचं एक टिकतं. 'तांबट आळी वाचवा' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी रोज वापरायचं पितळी भांडं आहे, हे विचारून मी मैत्री तोडत नाही.

आता मुद्द्यावर येते. चहा संपल्यावर महाराजांनी ओट्याखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात कराराचा मसुदा आणि नकाशाची घडी. वाडा पुनर्विकासाला जातोय. मालकाचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही. जुन्या भाड्यात महिन्याला जेवढे पैसे येतात तेवढ्यात चार माणसांचा चहाही होत नाही, आणि दर पावसाळ्याआधी भिंत कोणावर पडेल म्हणून त्यांची झोप उडते. वाडाही काही शिसवी खांबांचा, नक्षीच्या महिरपींचा नाही. मातीचा, साधा, तुमच्या कुठल्याच श्रेणीत न बसणारा. तो पडू द्या. वाडा वाचवा म्हणून हे पत्र नाही.

करारात महाराजांना गाळा मिळणार आहे. आहे तेवढ्याच क्षेत्रफळाचा, उलट दहा चौरस फूट जास्तच. बिल्डरने फसवलंय असंही नाही. सगळं कायदेशीर, सहीशिक्क्याचं. फक्त नकाशात दर्शनी बाजूला गाड्यांचा रॅम्प आहे आणि विकायची नवी दुकानं आहेत. भाडेकरूंचे गाळे मागच्या बाजूला, पार्किंगच्या शेजारी, एका बोळातून आत गेल्यावर. मला नकाशातलं फारसं कळत नाही, पण बाणाने दाखवलेली मागची बाजू कळते.

बाबांनी चष्मा काढून नकाशा डोळ्यांजवळ नेला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाले, "म्हणजे मथळा आतल्या पानावर टाकला."

महाराज हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "चहाला तोंड लागतं, काका." बाबांना त्यांनी प्रेसवाले सोडून दुसरी काही हाक मारली ती तेवढीच.

त्यांचं म्हणणं अगदी धंद्याचं आहे. कपड्याचं दुकान मागे गेलं तरी माणूस शोधत जातो, कारण वर्षातून दोनदा जायचं असतं. चहासाठी कोणी शोधत जात नाही. चहा जाता जाता दिसावा लागतो, वास यावा लागतो, ओट्यावरची नजर भेटावी लागते. सराफाच्या मुलाने बोळात शिरून ऑर्डर द्यायची ठरवली तर तो त्याच वेळात फोनवरून दुसरीकडून मागवेल. किल्ली ठेवणाऱ्या बाई बोळात जाणार नाहीत. महाराजांचा मुलगा एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. बापाच्या मागे ओट्यावर बसायला तो तयार आहे, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. पण त्याची अट एकच : "पार्किंगमध्ये नाही बसणार."

पुण्यात पागडी दोन प्रकारची. एक डोक्यावरची, पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, फार बरं झालं. दुसरी जागेची, म्हणजे गाळा भाड्याने घेताना वर द्यायची रक्कम, ती कित्येक वर्षं हातोहात, बिनपावतीची चालली आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने उजेडात आली. डोक्यावरच्या पगडीची तर आपण एवढी निगा राखली. या दुसऱ्या पागडीच्या गाळ्यांत शहराचं जे काही उभं राहिलं, त्याची नोंद कुठे आहे? क्षेत्रफळाची आहे. भाड्याची आहे. तोंडाची नाही.

तुमच्या यादीत वास्तू असते, तिचं साल असतं, श्रेणी एक, दोन, तीन असते. दगड-लाकडाला ती पुरते. पण आमच्या महाराजांच्या दुकानात जपण्यासारखं जे आहे ते भिंतीत नाही. ते ओट्याची उंची, रस्त्यापासूनचं अंतर आणि उघडी बाजू यांत आहे. या तिन्ही गोष्टी मोजता येतात. नव्या इमारतीत, नव्या काँक्रीटमध्ये, त्या जशाच्या तशा पुन्हा करता येतात. फार खर्चही नाही. करायच्या आहेत हे कोणीतरी परवानगीच्या कागदावर लिहायला मात्र हवं, आणि ते इमारत पाडण्याआधी लिहायला हवं. म्हणून माझं मागणं असं की पेठांमधल्या जुन्या चहाच्या गाळ्यांची, मग ते अमृततुल्य असोत की इराणी, पाहणी करा. आणि ज्या वाड्यांत ते आहेत त्यांच्या पुनर्विकासात त्या गाळ्याला तळमजल्यावर, त्याच रस्त्याकडे, आहे तेवढ्याच रुंदीचं तोंड मिळेल अशी अट घालता येते का ते बघा. मालकाचं त्यात नुकसान होत असेल, आणि दर्शनी सात फूट म्हणजे आजच्या भावाने थोडंथोडकं नुकसान नाही, तर ते चटईक्षेत्रात, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या परवानगीत, भरून द्या. एरवी ते कशाकशासाठी देता, हे आम्ही पेपरात वाचतो.

'धंदा टिकवणं हे वारसा समितीचं काम नाही', असं कोणीतरी म्हणेल. लिस्बन शहराच्या पालिकेने २०१५ पासून जुन्या दुकानांसाठी 'इतिहास असलेली दुकानं' अशी योजनाच चालवली आहे. सिंगापूरच्या साध्या खाऊगाड्यांची संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. अझरबैजान आणि तुर्कस्तान या दोघांनी मिळून २०२२ साली आपली चहाची रीत त्याच यादीत नेऊन बसवली. युनेस्कोपर्यंत जायची मला घाई नाही. तिथवर पोचेपर्यंत महाराज बोळात गेलेले असतील.

एक गोष्ट मात्र करू नका. पाटी लावू नका. 'वारसा चहा' असं निळ्या-पांढऱ्या अक्षरांत लिहून, खाली सौजन्य म्हणून चार नावं घालून, वर दिवा सोडून. तशी पाटी लागली की सकाळचे हमाल आणि मंडईतले भाजीवाले यायचे बंद होतील, ग्लासाचे पैसे दुप्पट होतील आणि ओगराळं फोटोसाठी हवेत थांबेल. नोंद हवी ती तुमच्या दप्तरात. हवं तर महाराजांना बसवून दोन तास बोलू द्या, ध्वनिमुद्रण करा : पत्ती कुठली, उकळी कितीदा, वहीतली बुडालेली खाती कोणाकोणाची. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं जाहीर केली नाहीत तरी चालेल. त्यात पेठेतली बरीच प्रतिष्ठित घराणी आहेत म्हणे.

माझ्या लहानपणीचं किटलीचं दुकान आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. त्याचा ओटा केवढा होता, पायरी किती उंच होती, मला सांगता येत नाही. मी पायरीवर उभी असायचे आणि तेव्हा सगळंच उंच वाटायचं. म्हणून या खेपेला मी पर्समध्ये शिवणाची टेप घेऊन गेले होते. बाबा महाराजांशी बोलत होते तेवढ्यात मोजून घेतलं. गाळ्याची रस्त्याकडची रुंदी सात फूट तीन इंच. ओटा रस्त्यापासून तीन फूट एक इंच उंच. पायरी नऊ इंच. ओट्याच्या कडेपासून गटाराच्या झाकणापर्यंत दोन फूट आठ इंच, त्यात एक सायकल आणि दोन माणसं मावतात.

करारावर अजून सह्या व्हायच्या आहेत. महाराज पहाटे साडेपाचला फळ्या काढतात; सहा ते सातच्या दरम्यान आलात तर बोलायला वेळ असतो आणि पहिल्या उकळीचा चहा मिळतो. मला आदल्या दिवशी कळवा, मी मंडई स्थानकाच्या दारात थांबते आणि दुकान दाखवते. येताना टेप घेऊन या. माझी शिवणाची आहे, जुनी होऊन थोडी ताणली गेली आहे. कागदावर तुमच्या टेपचे आकडे गेलेले बरे.

आपली,
कसबा पेठेत वाढलेली एक कोथरूडकर
(बाबांचा निरोप : येणाऱ्यांनी खात्यावर चहा मागू नये.)